जुन्या अ‍ॅनिमेटेड परीकथांचे रिमेक आणि सीक्वेल बघून चाहत्यांना एवढा राग का येतो? त्यातलं बघण्यासारखं काही आहे का?

राग येतो हो, पण तुम्हाला वाटतंय त्या कारणासाठी नाही, म्हणजे निदान मला तरी. तुम्ही लिहिलंय की "आमचं बालपण नासवलं" म्हणून गळा काढणारे लोक जिकडेतिकडे दिसतात आणि कार्टूनसाठी एवढा जीव कशाला काढायचा ते कळत नाही. तर मी हे पिक्चर लहानपणापासून पाठ होईपर्यंत बघितलेली बाई आहे, रिमेक, सीक्वेल, प्रीक्वेल, टीव्हीवरच्या सिरीज, काही सोडत नाही, शिव्या घालत का होईना पण बघतेच. आणि माझ्या मते बालपण वगैरे काही नासत नाही, जुना पिक्चर जिथल्या तिथे असतो, लावला की सुरू होतो.

"मूळ गोष्टीशी बेइमानी केली" हे ऐकलं की तर मला हसूच येतं. कुठली मूळ? डॅनिश लेखक अँडरसनने १८३७ मध्ये छापलेल्या जलपरीची जीभ कापून घेतात, जमिनीवर टाकलेलं प्रत्येक पाऊल सुरीवर पडल्यासारखं दुखतं, राजपुत्र दुसरीशीच लग्न करतो आणि ही शेवटी समुद्राचा फेस होते. १९८९च्या डिस्नेच्या एरियलने त्यातलं काय ठेवलं? ग्रिम बंधूंच्या सिंड्रेलात एक सावत्र बहीण बूट बसावा म्हणून पायाचा अंगठा कापते आणि दुसरी टाच, बूटही तिथे सोन्याचा आहे, काचेचा आहे तो फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७च्या पुस्तकातला. म्हणजे आपण ज्याला ओरिजिनल म्हणून छातीशी धरतो तोच मुळात कुणीतरी आपल्या सोयीने बदललेला माल आहे. तेव्हा बदलण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, खुशाल बदला.

माझं डोकं फिरतं ते समजावून सांगण्यावरून. परीकथेत कारण नसतं ना, तीच तिची ताकद असते. जादूगारीण दारात येते, शाप देते, निघून जाते, ती कोण, कुठली, तिला काय पडलंय, कुणी विचारत नाही आणि ऐकणाऱ्याचंही काही अडत नाही. आता १९९१चा 'ब्यूटी अँड द बीस्ट' घ्या, बेस्ट पिक्चरच्या ऑस्करचं नॉमिनेशन मिळालेला पहिला अ‍ॅनिमेटेड पिक्चर. त्यात सुरुवातीला सांगतात की शापाची मुदत मोजणारं जादूचं गुलाब राजपुत्राच्या एकविसाव्या वर्षापर्यंत टिकेल, आणि पुढे मेणबत्तीवाला ल्युमिएर गाण्यात म्हणतो की दहा वर्षं आम्ही इथे गंजत पडलोय. चाहत्यांनी लगेच वजाबाकी केली, अरे म्हणजे शाप दिला तेव्हा तो अकरा वर्षांचं पोर होता की! बरं, एवढा मोठा वाडा शेजारी असून गावात कुणालाच कसा माहीत नाही? असे प्रश्न लोक वर्षानुवर्षं गंमत म्हणून चघळत होते, मीही चघळलेत, त्यात मजा होती.

आणि २०१७चा रिमेक आला तो या सगळ्या प्रश्नांची उत्तरपत्रिका घेऊनच आला. वयाचा आकडा काढून टाकला. गावाला माहीत का नाही, तर म्हणे जादूगारणीने सगळ्यांच्या आठवणी पुसल्या. हिरॉइन बेलची आई कुठेय, तर जादूचं एक पुस्तक आणलं, ते बेल आणि बीस्टला पॅरिसला नेतं आणि तिथे कळतं की आई प्लेगने गेली, आणि ते पुस्तक त्यानंतर कुणाच्या काही कामाला येत नाही. बेल हुशार आहे हे पटावं म्हणून तिला गाढवाला पिंप बांधून कपडे धुण्याची युक्ती शोधायला लावली. अहो पण जुन्या पिक्चरमध्ये ती पुस्तकात डोकं घालून भर बाजारातून कुणालाही न धडकता चालते तेव्हाच आम्हाला कळलं होतं ना ती कशी आहे ते! ८४ मिनिटांचा पिक्चर १२९ मिनिटांचा झाला, हा वरचा पाऊण तास जवळजवळ सगळा खुलाशांत गेला. वर त्याने सव्वाशे कोटी डॉलर्सच्या आसपास कमावले, त्यामुळे पुढच्या सगळ्या रिमेकवाल्यांनी तोच कित्ता गिरवला.

'फ्रोझन'चं तर याहून मजेशीर आहे. २०१३च्या पहिल्या भागात म्हातारा ट्रोल राजाला त्याच्या मुलीबद्दल, एल्साबद्दल, विचारतो, ही बर्फाची शक्ती जन्मजात आहे की शाप? राजा म्हणतो, जन्मजात. झालं, विषय संपला, पुढे चला. इतकं सुंदर लिहिलंय ते, बघणाऱ्याला शंका यायच्या आत मिटवून टाकलंय. आणि २०१९च्या दुसऱ्या भागात काय, तर एल्साला ती शक्ती कुठून मिळाली हे शोधायलाच सगळी वरात जंगलात निघते, आई कोण होती, आजोबांनी काय केलं, चार तत्त्वं कुठली आणि पाचवं कोण. दिसायला तो देखणा आहे, काळोख्या समुद्रात एल्सा लाटांवर धावते आणि तो पाण्याचा घोडा येतो तो सीन मी कितीही वेळा बघेन, पण बाहेर पडताना एल्सा मला आधीपेक्षा लहान वाटली, कारण तिच्यातलं जे गूढ होतं त्याला आता वंशावळ चिकटली.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, बघण्यासारखं काय. माझं उत्तर ऐकून चाहत्यांतले निम्मे लोक मला वेड्यात काढतील, पण सांगतेच, 'सिंड्रेला ३: अ ट्विस्ट इन टाइम', २००७. हो, तोच, थिएटरचं तोंडही न बघता थेट डीव्हीडीवर आलेला.

थोडं मागचं सांगते म्हणजे कळेल. १९९४ मध्ये 'अलादीन'चा सीक्वेल 'द रिटर्न ऑफ जाफर' थेट व्हिडिओ कॅसेटवर आला, जिनीला पहिल्या भागातला रॉबिन विल्यम्सचा आवाजही नव्हता, तरी तडाखेबंद खपला, आणि मग डिस्नेने रांगच लावली. एरियलला मुलगी झाली, ती आईच्या उलट पाण्यात जायला निघाली, पहिल्या भागातल्या चेटकिणीला, उर्सुलाला, अचानक एक बहीण फुटली, जुनीच गोष्ट बाही उलटी करून घातल्यासारखी. 'सिंड्रेला २' (२००२) म्हणजे तर तीन सुटे एपिसोड एकाला एक जोडलेत, त्यातला सावत्र बहीण अ‍ॅनास्टेशिया बेकरीवाल्याच्या प्रेमात पडते तो भाग तेवढा बरा. पुढे २००६ मध्ये पिक्सार हा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ डिस्नेच्या ताब्यात आला, पिक्सारच्याच जॉन लॅसेटरच्या हाती अ‍ॅनिमेशनचा कारभार आला आणि ही सीक्वेलची गिरणी बंद झाली. तर अशा बदनाम रांगेत, अगदी शेवटाशेवटाला, हा तिसरा भाग आला.

आणि त्याने काय केलं बघा. जादूची छडी सावत्र आईच्या हाती लागते, ती काळ मागे फिरवते आणि काचेचा बूट अ‍ॅनास्टेशियाच्या पायात बसवून दाखवते. म्हणजे जी एक गोष्ट सिंड्रेलाला वाचवणार असते तीच काढून घेतली. आता बूट नाही, परी नाही (तिचा तर पुतळा होऊन बसलाय), राजपुत्राच्या डोक्यातूनही ती पुसली गेलीये, आता ही मुलगी काय करेल? हा प्रश्न १९५०च्या पिक्चरने कधी विचारलाच नव्हता कारण त्याला गरज नव्हती. इथे मागचं काही समजावत बसलेले नाहीत, नवा पेच टाकलाय आणि तिला त्यात सोडून दिलंय.

तो बूट फुटायचा सीन तीन पिक्चरमध्ये सलग बघा, फार मजा येते. १९५० मध्ये सावत्र आई आपली काठी मध्ये घालून बूट घेऊन येणाऱ्या नोकराला पाडते, बूट फुटतो, ड्यूक डोकं धरून बसतो आणि सिंड्रेला शांतपणे खिशातून दुसरा बूट काढते, तेव्हा सावत्र आईचा चेहरा जो होतो ना, त्यासाठी अख्खा पिक्चर माफ. २००७ मध्ये तो दुसरा बूटच सावत्र आई फोडून टाकते, आणि तुमच्या लक्षात येतं की या लोकांनी जुना पिक्चर नीट बघितलाय, नेमकी कुठली वीट काढली की भिंत पडेल ते त्यांना माहितीये. आणि २०१५च्या केनेथ ब्रॅनाच्या पिक्चरमध्ये सावत्र आई झालेली केट ब्लँचेट तो बूट हातात धरून आधी स्वतःची गोष्ट सांगते, प्रेमाने केलेलं लग्न, नवरा गेला, दोन मुलींसाठी परत संसार मांडला, आणि मग तो आपटून फोडते. आता तुम्ही म्हणाल हाही खुलासाच की. आहे, पण तो दोन मिनिटांत उरकतो, आणि मुख्य म्हणजे ती तो सिंड्रेलाला टोचायला वापरते, आपल्याकडून सहानुभूती गोळा करायला नाही, सीन संपतो तेव्हा ती आधीपेक्षा जास्त भीतीदायक झालेली असते. हे जमलं तर मी खुलासासुद्धा चालवून घेते.

तिसऱ्या भागात अजून एक. राजपुत्राला खरं काय ते उंदीर गाऊन सांगतात आणि बाप म्हणतो एक पाऊल पुढे टाकलंस तर बघ, तर हा सरळ खिडकीतून उडी मारतो. १९५०च्या पिक्चरमध्ये या माणसाला धड चार वाक्यं नव्हती हो! आणि शेवटी लग्नाच्या वेळी सिंड्रेलाचं रूप घेऊन उभी असलेली अ‍ॅनास्टेशिया स्वतःहून नाही म्हणते. सावत्र बहिणीला माणूस करायचं, तेही तिच्या लहानपणाचा फ्लॅशबॅक न दाखवता, हे कोट्यवधी डॉलर्सच्या रिमेकना नाही जमत. गाणी मात्र फार सामान्य आहेत, ते कबूल.

'स्लीपिंग ब्यूटी'च्या खलनायिकेवर काढलेल्या 'मॅलेफिसंट'बद्दल (२०१४) विचारणारच कुणीतरी, म्हणून आधीच सांगते. अँजेलिना जोलीला तोड नाही. सकाळी उठून पंख कापलेले बघते आणि किंचाळते तो सीन अंगावर येतो, खरं प्रेम म्हणजे राजपुत्राची किस नाही हेही मला पटलं. पण खलनायिकेची बाजू मांडायची म्हणून दुसऱ्या कुणाला तरी उल्लू बनवायचं हे कशाला? १९५९च्या 'स्लीपिंग ब्यूटी'त खऱ्या हिरो त्या तीन म्हाताऱ्या पऱ्या आहेत, राजपुत्राला ढाल-तलवार त्या देतात, अंगावर येणारे बाण फुलं त्या करतात, त्यांच्यातली मेरीवेदर मॅलेफिसंटच्या कावळ्याचा दगड करते. तीन वयस्क बायका भांडतभांडत राज्य वाचवतात असा पिक्चर १९५९ मध्ये निघाला होता! आणि नव्यात त्यांना नावं बदलून इतकं बावळट केलंय की त्यांना एक बाळ सांभाळता येत नाही. शिवाय जुन्या मॅलेफिसंटला पंखांची वगैरे गरजच नव्हती हो, बारशाला बोलावलं नाही एवढ्यावरून ती लेकराला मरणाचा शाप देते. इतकं क्षुल्लक कारण आणि इतका मोठा सूड, म्हणून तर ती आवडायची.

२०२३च्या जलपरीबद्दल थोडक्यात. हिरॉइनच्या रंगावरून जो धुरळा उडाला तो मी बाजूलाच ठेवते, हॅली बेली काय गायलीये ते ऐका आणि मग बोला. माझी कुरकुर तिच्या गप्प बसण्याबद्दल आहे. १९८९च्या पिक्चरमध्ये आवाज गेल्यावर एरियल शेवटपर्यंत जवळजवळ मुकी आहे आणि अ‍ॅनिमेटर ग्लेन कीन आणि त्याच्या टीमने सगळं तिच्या डोळ्यांतून, खांद्यांतून, केस उडवण्यातून बोलून दाखवलंय, काट्याने केस विंचरते आणि समोरच्यांचे चेहरे बघून चपापते, एक शब्द नाही. नव्यात काय केलं, तिला मनातल्या मनात गायला एक गाणं दिलं, म्हणजे तिला काय वाटतंय ते आपल्याला कळावं. अहो कळत होतं की! आणि खऱ्या माशासारखा दिसणारा फ्लाउंडर, त्याला भुवयाच नाहीत तर तो घाबरणार कुठून.

बाकी 'श्रेक २' (२००४) बघाच, "मग ते सुखाने नांदू लागले" याच्या दुसऱ्या दिवशी सासरी जेवायला बसल्यावर काय होतं, या एका प्रश्नावर अख्खा पिक्चर उभा आहे. आणि २०२२चा 'पुस इन बूट्स: द लास्ट विश', नऊपैकी आठ आयुष्यं उधळलेल्या बोक्याला पहिल्यांदा मरणाची भीती वाटते. त्यातला तो लांडगा शिट्टी वाजवत येतो तेव्हा लहान मुलं सोबत असतील तर जरा जपून.

'सिंड्रेला २' आणि जलपरीचा दुसरा भाग सोडलात तर काही बिघडत नाही. 'फ्रोझन'चा तिसरा भाग जाहीर झालाय, मी बघणारच आहे, तक्रार करायला तरी बघायला नको का. एल्साची शक्ती समजावून झाली, ओलाफ हा बर्फाचा माणूस आधी कुठे भटकत होता त्याचीही २०२० मध्ये शॉर्टफिल्म काढून झाली, आता उरलीत ती फक्त त्यातल्या रेनडिअरची, स्वेनची, शिंगं, बघू त्यांच्यामागे कुठला शाप निघतो ते.