आधी जुना ईसीएम मागा. गाडी रात्री आणायचा बेत सोडा

प्रश्न : दारव्हा तालुक्यातल्या गावात राहतो. चार एकर शेती आहे, पण घर चालतं ते डिझेल गाडीवर. दवाखान्याच्या, लग्नाच्या सवाऱ्या मी स्वतःच मारतो. गाडी गरम झाली की रस्त्यात बंद पडायची, थंड झाली की चालू व्हायची. नागपूरच्या एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, ‘ईसीएम (इंजिनावर ताबा ठेवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेला’ म्हणून नवीन बसवला. 62,000 रुपये सांगितले. 40,000 फोनवरून पाठवले, बाकीचे कापूस विकल्यावर द्यायचे ठरले. काहीच दिवसांत गाडी पुन्हा तशीच बंद पडू लागली. टोचन करून तिथेच नेली, तर आता म्हणतो, वायरिंग खराब आहे. आधीचे 22,000 टाका, वरून 18,000 लागतील, तोवर गाडी मिळणार नाही. जुना ईसीएम ‘कंपनीत जमा केला’ म्हणे. पक्कं बिल नाही. टॅक्सी पासिंग आहे म्हणून ग्राहक मंचात जाता येत नाही, असंही ऐकवलं. घरी दुसरी चावी आहे. भाऊ म्हणतो, रात्री जाऊन गाडी काढून आणू. काय करावं?

उत्तर : दादा, ती दुसरी चावी आधी कपाटात टाका आणि भावाला आवरा. आपलीच वस्तू उचलली तर चोरी कशी, असं कोणालाही वाटेल. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खाली नेमकं हेच उदाहरण दिलं आहे : दुरुस्तीचे पैसे देणं आहे, कारागिराने त्यापोटी घड्याळ कायदेशीरपणे अडवून ठेवलं आहे, आणि मालक त्याचं हे तारण बुडवायच्या हेतूने घड्याळ घेऊन गेला, तर ती चोरी. आज तक्रारदार तुम्ही आहात. त्या एका रात्रीने आरोपी व्हाल.

आता त्याला गाडी अडवायचा हक्क आहे का? करार कायदा, 1872 च्या कलम 170 प्रमाणे, सोपवलेल्या वस्तूवर ठरल्याप्रमाणे काम केलेल्या कारागिराला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवता येते. गॅरेजवाले याच्याच जोरावर बोलतात. पण त्याच कलमाखाली शिंप्याचं उदाहरण आहे : कोट शिवून होताच देतो, पैसे तीन महिन्यांनी द्या, असं कबूल केलेल्या शिंप्याला पैशांसाठी कोट अडवता येत नाही. तुमचे 22,000 असेच उधारीवर ठरले आणि गाडी तुमच्या हातात आली. माझ्या मते तिथेच त्या रकमेपुरता त्याचा हक्क संपला. कापूस विकल्यावर द्यायचं ठरल्याचा व्हॉट्सअॅपवर एखादा मेसेज असेल तर तो सोन्यासारखा जपा. 18,000 चं काम तर अजून झालेलंच नाही. फार तर तपासणीचे पैसे, तेही आधी ठरले असतील तर.

टॅक्सी पासिंगचं म्हणणं मनावर घेऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी केलेला वापर ‘व्यापारी हेतू’त धरलेला नाही. स्वतः रिक्षा चालवून पोट भरणारा ग्राहकच असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात सांगितलं आहे. हाताखाली एखादा माणूस असला तरी बिघडत नाही. चार गाड्या नि पगारी ड्रायव्हर असते तर मी इतक्या खात्रीने बोललो नसतो.

खरी अडचण पुराव्याची आहे. ‘गाडी पुन्हा बंद पडली’ एवढ्यावर ग्राहक आयोग (पूर्वीचा ग्राहक मंच) पैसे परत करायला लावत नाही. काम चुकीचं झालं हे तुम्हाला दाखवावं लागतं. तुमच्या पत्रात एक वाक्य मोलाचं आहे : गरम झाली की बंद, थंड झाली की चालू. क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणारा भाग) खराब झाला की गाडी अगदी असंच करते. ईसीएमच्या आतला सोल्डरचा एखादा टाका सुटला तरी असं होऊ शकतं, म्हणून मी निदान करत नाही. पण आधी काय तपासलं, हे विचारायला एवढं पुरे. स्कॅनरचं ईसीएमशी बोलणं झालं नाही, एवढ्यावरून तो मेला असं ठरत नाही. फ्यूज, मेन रिले, गंजलेली अर्थिंगची जोडणी, उंदरांनी कुरतडलेली वायर यांतलं काहीही असू शकतं, आणि शेताच्या बंड्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर काय करतात ते तुम्हाला मी सांगायला नको. ईसीएमला वीज आणि अर्थिंग नीट पोहोचतं का, हे मीटरने मोजल्याशिवाय महागडा डबा बदलणं म्हणजे सेवेतली कसूरच, असं आपल्याला मांडायचं आहे. आता तोच वायरिंगचा दोष सांगतोय, ते आपल्याच बाजूचं आहे. त्याच्याकडून हे लेखी किंवा मेसेजवर वदवून घ्या.

दुसरी गोष्ट, बसवलेला ईसीएम नवाच होता का? डब्यावर पार्ट नंबर आणि सिरियल नंबर असतो. दुसऱ्या गाडीतून काढलेला असेल तर स्कॅनरवर कधीकधी त्या गाडीचा चेसिस नंबर दिसतो. जुनं नवं म्हणून विकणं, आणि बिल न देणंही, ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणून जुना ईसीएम मागा. तो तुमच्या मालकीचा आहे, बदल्यात देऊन टाकायचं तुम्ही कबूल केलं नव्हतं. कंपनीत जमा केला असेल तर जमा केल्याचा कागद दाखव म्हणावं. दोन्ही दिलं नाही, तर त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढा असं आयोगाला सांगता येतं.

गॅरेजवाल्याला लेखी नोटीस द्या आणि हे सगळं तिच्यात मागा : पक्कं बिल, दोन्ही वेळचे फॉल्ट कोड (स्कॅनरवर दिसलेले बिघाडाचे कोड), बसवलेल्या ईसीएमचे नंबर, जुना ईसीएम आणि गाडी, पंधरा दिवसांत. पोच मिळेल अशा टपालाने पाठवा, तोच मजकूर व्हॉट्सअॅपवरही टाका. ते चॅट पुसू नका, फोनही विकू नका. लग्नसराई तोंडावर असेल आणि गाडीवाचून चालतच नसेल, तर पैसे भरा, पण रोख नको. फोनवरून पाठवा आणि सोबत ‘रक्कम मान्य नाही, हरकत राखून देतो आहे’ असा मेसेज करा. ‘काम समाधानकारक’ असं छापलेल्या कागदावर सही करू नका.

गाडी हातात आली की गावच्या मिस्त्रीकडे लगेच उघडू नका. माझ्याकडची बरीच प्रकरणं इथेच मेली. आधी गाडीच्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासणी करून गाडी नंबर, किलोमीटर आणि सही-शिक्क्यासह लेखी अहवाल घ्या, आणि मगच दुरुस्ती.

नोटिशीला दाद दिली नाही तर तक्रार यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगातच करा; गॅरेज नागपूरला असलं तरी तुम्ही राहता तिथे दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षं. गाडी अजून अडकलेली असेल तर सोबतच अंतरिम अर्ज द्या : वादातली रक्कम आयोगात भरतो, गाडी सोडायला सांगा. दाखल करण्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर एक फोन करून बघा; काही गॅरेजवाले तेवढ्यावरच नरमतात.

पोलिसांत आज जाऊ नका, दिवाणी बाब म्हणून परत पाठवतील. सर्व्हिस सेंटरच्या अहवालात ईसीएम दुसऱ्या गाडीचा निघाला, तर फसवणुकीच्या तक्रारीचा विचार करता येईल. तेव्हा अहवालाची प्रत घेऊन मला पुन्हा लिहा.