वाचकांचे प्रश्न: परीक्षकांआधीच परत आलेला शोधनिबंध

प्रश्न: द्राक्षावरील डाउनी (केवडा) रोगाबद्दलचा माझा शोधनिबंध जर्नलने परीक्षकांकडे न पाठवताच परत केला. ‘आकृत्या अस्पष्ट, सांख्यिकी अपुरी’ एवढंच कळवलं. फवारणीच्या प्रत्येक प्रकारात ४ वेली, दर वेलीची १० पानं तपासली; n (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) = ४० लिहिलं आहे. काय सुधारू?
– संशोधक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर: आधी सांख्यिकी, कारण खरी अडचण तिथे आहे. फवारणी वेलीवर झाली, पानावर नाही. एकाच वेलीची दहा पानं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, म्हणून n = ४. पानांची सरासरी काढून दर वेलीला एक आकडा घ्या, किंवा वेल हा यादृच्छिक घटक धरून मिश्र प्रारूप (मिक्स्ड मॉडेल, म्हणजे एकाच वेलीच्या पानांमधलं साम्य हिशेबात धरणारी पद्धत) वापरा. निकाल बदलला तर निष्कर्षही बदलावा लागेल. ते टाळू नका. आलेखातल्या उभ्या रेघा प्रमाण विचलनाच्या (आकड्यांचा पसारा) की प्रमाण त्रुटीच्या (सरासरीतली अनिश्चितता), हे आकृतीखालीच लिहा.

आता आकृत्या. जर्नलच्या पानावरील मजकुराच्या एका स्तंभाची (कॉलमची) रुंदी साधारण ८.५ सेंमी. इंचाला ३०० ठिपके हवेत, म्हणजे सुमारे १००४ पिक्सेल. तुमचा स्क्रीनशॉट ६०० पिक्सेलचा असेल तर इंचाला जेमतेम १८० भरतात. नंतर पिक्सेलचा आकडा वाढवून तपशील परत येत नाही. आलेख मूळ सॉफ्टवेअरमधूनच पीडीएफ किंवा टिफमध्ये काढा. वर्डमध्ये चिकटवलेली चित्रं सेव्ह करताना दाबली जातात, तेव्हा स्वतंत्र फाइल जोडा.

ओळींना क्रमांक, रोगकारक जीवाचं शास्त्रीय नाव तिरक्या अक्षरांत, हे ओघाने आलंच. आणि दुसरीकडे पाठवताना संपादकांना लिहिलेल्या पत्रातलं जुन्या जर्नलचं नाव आठवणीने बदला.