हार्ड डिस्क कुरकुरतेय? आधी हात आवरा

हार्ड डिस्क बिघडली आणि फोटो त्यात अडकले? घाबरू नका, ते बहुतेक अजून डिस्कवरच आहेत. पण ती चालू राहील तितका धोका वाढतो, म्हणून आधी कान द्या. ठरावीक लयीत 'टक-टक' येत असेल तर लगेच बंद करा आणि थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा. अशा बिघाडात कुठलंही सॉफ्टवेअर कामाचं नाही. घरी डिस्क उघडू नका. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय कुणी सांगितला तर हसून सोडून द्या.

आवाज नसेल तर केबल आणि पोर्ट बदलून पाहा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'पेंडिंग सेक्टर'चा, म्हणजे डिस्कला नीट वाचता न आलेल्या जागांचा, आकडा बघा. शून्याच्या वर असेल तर त्या डिस्कवर भरवसा नको.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- विंडोज 'फॉरमॅट करू का?' विचारतं, हे 'हो' म्हणतात.
- चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं साधन चालवतात. ते फाइल सिस्टिम (फाइलींची नोंदवही) जुळवतं, तुमच्या फाइली वाचवत नाही. उलट आजारी डिस्कवर लिहितं.
- रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकतात.

त्याऐवजी तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर डीडीरेस्क्यू या बिघडलेल्या डिस्कची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरने पूर्ण प्रत घ्या. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेल्या जागी नंतर परततं. मूळ डिस्क कोणती, नवी कोणती, हे कमांड देताना दोनदा तपासा. उलटं झालं तर संपलंच. फोटोरेक वगैरे फाइली शोधून काढणारी सॉफ्टवेअर त्या प्रतीवरच चालवा.