रिटायर झाल्यावर घर विकून गाडीत राहायचं म्हणतात, मी काय करू?

हा प्रश्न हल्ली माझ्याकडे वरचेवर येतो. नवरा रिटायरमेंटला आलाय, रोज रात्री मोबाइलवर कॅम्पर व्हॅनचे व्हिडिओ बघतो आणि एक दिवस जेवता जेवता म्हणतो, घर विकून टाकू, एक गाडी बांधून घेऊ, त्यातच राहू, फिरत राहू. झालं, बायकोची झोप उडते. मग ती येऊन विचारते की मॅडम, मी आडकाठी करतेय का, मी फारच जुन्या विचारांची आहे का, का यांचंच डोकं फिरलंय. भुसावळचं एक जोडपं आलं होतं त्यांची गोष्ट सांगते. दोघांना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

काका रेल्वेत लोको पायलट, रिटायरमेंट वर्षभरावर आलेली. मुलगी अमेरिकेत, ॲरिझोनात. तिच्याकडे गेले होते तेव्हा काकांनी तिथली म्हातारी जोडपी बघितली, थंडी सुरू झाली की उत्तरेकडच्या राज्यांतून मोठाल्या गाड्या घेऊन खाली उतरतात आणि उन्हाळा लागला की परत वर जातात. काहींना घरच नाही, गाडी हेच घर. काकांच्या ते डोक्यातच बसलं. परत आल्यावर त्यांनी वहीत गाडीचा नकाशा काढला, बेड इथे, गॅस इथे, पाण्याची टाकी खाली, आणि घराला गिऱ्हाईक बघायला एका एजंटला सांगूनही टाकलं. एजंटचं काकूंना कळलं ते शेजारणीकडून. तिथून घरात अबोला.

काकांचं म्हणणं मला अजिबात वेडगळ वाटलं नाही. ते म्हणाले, ताई, जन्मभर गाडी चालवली पण सिग्नल सोडून काही बघितलं नाही, प्रत्येक स्टेशन तोंडपाठ आहे पण उतरलो कुठेच नाही. आणि काकूंचं म्हणणं असं, "लॉबीतून कॉल आला की मी डबा भरून देत गेली. हे इगतपुरीले, बडनेऱ्याले रनिंग रूममध्ये झोपायचे न मी इथं दोन लेकरं घेऊन. सगळी जिंदगी यायची वाट पाह्यली, आता घरी येतील तं घरच विकून राह्यले." लॉबी म्हणजे ड्रायव्हरांना ड्युटीवर बोलावणारं रेल्वेचं ऑफिस आणि रनिंग रूम म्हणजे बाहेरगावी ड्युटी संपली की झोपायची जागा.

दोघंही बरोबर होते आणि दोघांना एकच गोष्ट हवी होती, उरलेले दिवस एकत्र काढायचे. एकाने ते रस्त्यावर बघितले होते, दुसरीने ओट्यावर. नवराबायकोच्या बऱ्याच भांडणांत मला हे दिसतं की हेतू एकच असतो पण चित्र वेगळं असतं आणि ते चित्र समोरच्याला कधी दाखवलेलंच नसतं.

मी सगळ्यात आधी दोन निर्णय सुटे केले. गाडीतून फिरायचं हा एक निर्णय आहे आणि घर विकायचं हा दुसरा, आपल्याकडे लोक ते एकाच वाक्यात बोलतात आणि मग बायको फिरायलाही नाही म्हणते, कारण तिला वाटतं फिरायला हो म्हटलं की घर गेलं. काकांना विचारलं, घर विकायचंच का? आधी म्हणाले पैसा. मग हिशोब मांडला तर पेन्शन आहे, ग्रॅच्युइटी येईल, वरचा मजला भाड्याने जाऊ शकतो, म्हणजे पैशाचं कारण काही टिकेना. जरा वेळाने काका खाली बघत म्हणाले, घर ठेवलं तर ही चार दिवसांत म्हणेल मला परत सोडा.

खरी गाठ इथे होती. परतीची वाटच बंद केली की ही सोबत राहील असं त्यांना वाटत होतं. आणि काकूंना वाटत होतं की एकदा हो म्हटलं तर पुन्हा नाही म्हणायची सोय राहणार नाही. एवढं दोघांनी एकमेकांसमोर बोललं आणि त्या दिवशी पहिल्यांदा काकू काकांशी थेट बोलल्या, तोवर सगळं माझ्यामार्फतच चाललं होतं. म्हणाल्या, तुम्ही मले विचारलं असतं तं मी आली असती ना, एजंटला आधी सांगितलं न मले मागून.

मग मी त्यांना एक काम दिलं. घरच्या गच्चीवर खडूने गाडीच्या आतल्या मापाचा चौकोन आखा, बारा फूट बाय सहा फूट, आणि एक संध्याकाळ दोघांनी त्यात काढा, स्वयंपाकासकट. पुढच्या वेळी आले तेव्हा काका जरा गप्पच होते. काकूंनी सांगितलं की भाकरी टाकताना प्रत्येक वेळी यायले उठून बाजूला व्हावं लागलं. मग त्यांनी काकांना विचारलं होतं, "मी रुसली तं कुठं बसू?" काकांनी वहीतला नकाशा उघडला, खूप शोधलं, पण जागा सापडली नाही. मी तर म्हणेन हा प्रश्न गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने आधी विचारावा. घरात माणूस दुसऱ्या खोलीत जातो, गच्चीवर जातो, शेजारी जाऊन बसतो, तेवढ्यात राग निवतो. गाडीत रागावलेला माणूस दोन फुटांवर असतो.

दुसरा प्रश्न काकूंचा, "आखाजीले पोरगी माहेरी येईन तं कुठं येईन, पंपावर?" खानदेशाबाहेरच्या वाचकांना सांगते, अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराई असते. आणि श्रावणात कानबाई या देवीचा उत्सव, तिच्या नैवेद्याचे रोट, सगळे भाऊबंद एका घरात जमतात. मुलगी अमेरिकेतून दर आखाजीला येणार नाही हे काकूंनाही माहीत आहे, पण यायचं ठरवलं तर दार असायला हवं एवढंच त्यांचं म्हणणं. हे मी काकांना समजावायला गेले नाही, काकू बोलत होत्या आणि काका ऐकत होते तेवढं पुरे होतं.

आता व्यवहाराचं बोलू, कारण भावनेचं सुटलं तरी इथेच गाडी अडते. अमेरिकेत जागोजागी आरव्ही पार्क, म्हणजे अशा राहत्या गाड्यांचे तळ आहेत, गाडी लावली की वीज, पाणी आणि मैलापाण्याचं कनेक्शन जागेवरच मिळतं. पत्त्याचीही सोय आहे, साउथ डकोटा, टेक्सास, फ्लोरिडा अशा राज्यांत टपाल घेणाऱ्या एजन्सीचा पत्ता घेऊन कायम फिरणारे लोक आपली नोंद तिथे करतात. आपल्याकडे अशा सोयी जवळपास नाहीतच. आधार, मतदार यादी, बँकेची केवायसी, लायसन्स, गाडीचं आरसी बुक, सगळ्याला पक्का पत्ता लागतो. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण ते पर्यटनासाठी आहे, बारमाही राहण्यासाठी नाही. हयातीचा दाखला मात्र आता सोपा झालाय, नोव्हेंबरात मोबाइलवर चेहरा दाखवून कुठूनही देता येतो, त्यासाठी घरी यायची गरज नाही.

गाडी कुठल्याही गॅरेजमध्ये परस्पर बदलून घेऊ नका. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीत नोंद आहे त्यापेक्षा गाडीत मोठा बदल केला तर आरटीओची परवानगी लागते, नाहीतर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाच-पाच वर्षांनीच रिन्यू होतं आणि मेडिकल सर्टिफिकेट लागतं. काकूंना तर गाडी येतच नाही, मग काकांना वाटेत चक्कर आली तर काय? आणि ऊन. जळगाव-भुसावळचा मे महिना पंचेचाळीसच्या पुढे जातो, पत्र्याच्या गाडीत एसीशिवाय बसवत नाही आणि पाच युनिटची बॅटरी दीड टनाच्या एसीला तीन-चार तासांच्या वर पुरत नाही. काकूंना शुगर आहे, इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, म्हणजे त्या फ्रीजची वीज कधीच जाऊन चालणार नाही.

हे सगळं माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा अनुभवून बघा म्हटलं. जानेवारीत त्यांनी पुण्याहून कॅम्पर भाड्याने घेतली आणि बऱ्हाणपूर, ओंकारेश्वर, महेश्वर असे फिरून आले. परत आल्यावर काकूच जास्त बोलत होत्या. नर्मदेच्या घाटावर सकाळी गाडीचं दार उघडून चहा केला, शेजारच्या बायका येऊन बसल्या, कुठल्या तुम्ही म्हणून चौकशी केली, हे सांगताना चेहरा खुलला होता. पण रोज दुपारपासून रात्री गाडी कुठे लावायची याचा घोर, एकदा मध्यरात्री पोलिसांनी काच वाजवली, आणि संडासाची कॅसेट, म्हणजे मैला साठतो ती काढता येणारी टाकी. ती दर दोन-तीन दिवसांनी रिकामी करावी लागते आणि रस्त्यात तशी जागाच सापडत नाही. काका स्वतःच म्हणाले की बारा महिने जमणार नाही. मी हे सुचवलं नव्हतं.

त्यांचा पुण्यात राहणारा मुलगा अजून चिडलेला आहे, त्याला लोक काय म्हणतील याची काळजी. त्याच्याशी आईवडिलांनीच बोलावं असं मला वाटतं.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी एक गोष्ट आग्रहाने सांगते, हे बोलणं रिटायरमेंटच्या आधी करा. ग्रॅच्युइटी, कम्युटेशन म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून मिळणारी एकरकमी रक्कम, रजेचे पैसे सगळे एकदम खात्यात येतात, त्याच महिन्यात माणूस रिकामाही होतो आणि मोठमोठे निर्णय तेव्हाच घेतले जातात. घर विकायचा निर्णय तर त्यानंतर निदान वर्षभर घेऊच नका. आणि जी बाई विचारते मी आडकाठी करतेय का, तिला माझं उत्तर असं की नाही म्हणू नका आणि लगेच होही म्हणू नका, आधी त्यांना विचारा की तुम्हाला तिथे काय करायचंय आणि मग तुम्हाला कशाची भीती वाटते ते नाव घेऊन सांगा.

काका आता रिटायर झालेत. एजंटला आता नको म्हणून सांगितलं, वरच्या मजल्यावर भाडेकरू आलाय. दिवाळीनंतर निघायचं आणि आखाजीच्या आधी घरी यायचं, पावसाळा घरीच, असं ठरलंय. गाडी अजून घेतली नाही, एक पूर्ण हंगाम भाड्याच्या गाडीने काढून मग बघायचं. काकू मोटर ड्रायव्हिंग स्कूलला जायला लागल्यात. त्यांनी अटी एका कागदावर लिहून आणल्या होत्या, त्यात पहिली अट परत म्हटलं की परत, कारण विचारायचं नाही, आणि दुसरी कॅसेटची. काकांनी दोन्हीखाली सही केली.