चार सीटचं विमान घरी बांधताय? पंख बंद करायच्या आधी हे वाचा

चाळीसगावच्या भाऊ, तुम्ही लिहिलंय की शेपटी झाली, पंखांचे सांगाडे उभे आहेत आणि विमान तपासणीच्या कार्यालयातले साहेब म्हणाले, ‘विमान पूर्ण झालं की या, मग तपासू.’ वाचून पोटात गोळा आला. मलाही हेच सांगितलं होतं.

मी आरव्ही-१० घेतलं होतं, म्हणजे चार सीटच्या विमानाचं किट, सुटे भाग आणून आपणच जोडायचं; जळगावजवळ जिनिंगच्या बंद शेडमध्ये. कार्यालयाचं नाव घेत नाही. तोंडी शब्दावर विसंबलो आणि दोन्ही पंखांचे खालचे पत्रे रिवेट मारून बंद केले. मग साहेब बदलले. नव्या साहेबांनी विचारलं, बंद करण्याआधीच्या तपासणीच्या सह्या कुठे आहेत? आतले फोटो? माझ्याकडे अकरा फोटो, त्यावर तारीखसुद्धा नाही. रिवेट ड्रिलने काढत बसलो. कित्येक भोकं मोठी झाली, एक पत्रा पूर्ण वाया गेला. तो परत मागवण्यात सात महिने गेले आणि वर जहाजभाडं, कस्टम, शेडचं भाडं. जुने साहेब फोनवर म्हणाले, ‘मी असं बोललोच नव्हतो.’ आजही आठवलं की झोप येत नाही.

म्हणून सांगतो, पंख बंद करण्याआधीच्या तपासणीसाठी आजच अर्ज करा आणि प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. उत्तर येवो न येवो, दर टप्प्याला नवा अर्ज द्या. नियम बदलत असतात, सध्याचे स्वतः वाचून घ्या. मी काही वकील नाही.

खर्चाचं म्हणाल तर किटच्या किमतीवर जाऊ नका. इंजिन, प्रोपेलर आणि उपकरणं मिळून तेवढेच किंवा जास्त पैसे जातात. इंग्लंडमध्ये अशोक थामरक्षन यांनी चार सीटचं स्लिंग नावाचं किट-विमान दीडेक वर्षात बांधलं, साधारण १ लाख ४० हजार पौंडांत. पण तिथे टप्प्याटप्प्याला येऊन तपासणारी माणसं आहेत. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादवांचं बघा. कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ मध्ये लोकांनी पाहिलं, नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि ते उडालं २०२० मध्ये, आपल्याच धुळ्याच्या धावपट्टीवरून. माझ्या मते एकूण अंदाजाच्या दीडपट पैसा धरा आणि कागदांसाठी वेगळी वर्षं धरा.

चार माणसांच्या वजनाचा हिशोबही मे महिन्यातला करा. ४५ अंशात आपल्याकडची हवा साधारण साडेचार हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ वागते. धावपट्टी लांब लागते, चढण मंदावते.

पंखातल्या इंधनटाकीचं सीलंट, म्हणजे गळती थांबवणारा लेप, एप्रिल-मेमध्ये लावू नका. रिवेट बसायच्या आत ते घट्ट होतं, शिवाय माझ्या शेडमध्ये कापसाचे तंतू चिकटले ते वेगळंच. पहाटे लावा, तेही थंडीत. रोटॅक्सचं इंजिन घेणार असाल तर पंपावरचं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल त्यात चालत नाही, मर्यादा १० टक्क्यांची आहे.

पत्रे अजून लावले नसतील तर थांबा. मी रविवारी कॅमेरा घेऊन येतो. एकेक रिब (पंखातली फासळी), एकेक नट तारखेसह टिपून घेऊ.