मीटर १६ म्हणतं, केळी मात्र काळवंडतात

प्रश्न: भाऊ, सावद्याजवळ आमचं केळी पिकवायचं छोटं चेंबर आहे. एप्रिलात कंट्रोल पॅनल चेंबरजवळून उचलून ऑफिसात नेलं, मधे २० मीटर वायर जोडली. तेव्हापासून मीटर १६ डिग्री दाखवतं पण सालीवर राखाडी झाक येतेय, व्यापारी नाक मुरडतो. सेन्सर पीटी-१०० आहे, बदलू का?

उत्तर: थांबा, सेन्सर बिचारा चांगला असणार. त्याच्यात प्लॅटिनमची बारीक तार असते, आणि धातू जसा तापेल तसा तो विजेला जास्त अडवतो, म्हणजे रेझिस्टन्स वाढतो. शून्य डिग्रीला बरोबर १०० ओम, म्हणून नाव पीटी-१००. आपल्या मे महिन्यातल्या ४५ ला होतात साधारण ११७.५. म्हणजे डिग्रीमागे जेमतेम ०.३९ ओम! आणि मीटरला फक्त ओम कळतात, ते प्लॅटिनमचे की वायरीचे ते त्याला काय माहीत. तुमची वायर अर्ध्या स्क्वेअर एमएमची धरली तर जाऊन-येऊन ४० मीटर तांबं, त्याचेच झाले १.४ ओम, म्हणजे मीटर साडेतीन डिग्री फुकट वाढवून दाखवतंय आणि ते १६ वर येईपर्यंत कॉम्प्रेसर चालतोय, आत खरे साडेबारा! १३ च्या खाली केळीला थंडी बाधते, साल मळते ती त्यानेच.

सेन्सरला तीन वायरी आहेत का बघा, बहुतेक दोन लाल, एक पांढरी. दोन्ही लाल आतून एकाच टोकाला असतात, त्यामुळे वायरमन लोक त्या पिळून एक करतात आणि पुढे दोनच तारा ओढतात, इथंच घोळ होतो. तीन कोरची सलग केबल टाका, तिन्ही कोर सारख्या जाडीच्या, आणि मीटरच्या तिन्ही टर्मिनलला वेगवेगळ्या जोडा. तिसऱ्या तारेवरून मीटर वायरीचा रेझिस्टन्स ओळखून वजा करतं.

शेजाऱ्याचं लांब वायरीवरही बरोबर चालत असेल तर त्याचा सेन्सर वेगळ्या जातीचा, एनटीसी असेल. तो २५ डिग्रीला बहुधा १०,००० ओमचा असतो आणि गरम झाला की उलटा कमी होतो, त्यात दीड ओम म्हणजे दर्यात खसखस. पण तो तुमच्या मीटरला लावू नका, चालणार नाही.

आधी खात्री हवी तर थर्मासात कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी घालून सेन्सरचं टोक दहा मिनिटं बुडवा. आत्ता ३-४ दाखवेल, नव्या केबलवर शून्याच्या आसपास यायला पाहिजे, तेवढं होईपर्यंत नवा माल आत भरू नका.