जुन्या धर्तीचं लग्न करायचं म्हणतेस तर...

सोलापूर,
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. हिस,
अनेक आशीर्वाद.

('चि.'च्या जागी 'सौ.' लागायला अजून चार महिने आहेत. तूर्त एवढ्यावर भागव.)

तू पाठवलेले सजावटीचे सगळे फोटो पाहिले. ग्रामोफोन, टाइपरायटर, टोपली लावलेली सायकल, चामड्याच्या बॅगांची उतरंड, काचेच्या बरण्यांत मेणबत्त्या. छान आहेत गं. पण तुझ्या आजीकडे टाइपरायटर कधी होता? आजोबा सायकलवरून पहिल्या पाळीला जायचे हे मला आठवतंय, पण त्या सायकलला टोपली नव्हती, कॅरियरला जेवणाचा डबा अडकवलेला असायचा. ज्या गावातली पहिली कापड गिरणी १८७७ची आणि अख्खं गाव तिला 'जुनी मिल' म्हणूनच ओळखतं, त्या गावात जुनेपणा पुण्याहून भाड्याने आणायचा, हे मला काही पटेना.

म्हणून पहिलं काम सांगते. ठरवायचं ते 'जुनं' कुणाचं? तुझ्या आजी-आजोबांचं लग्न धर. त्यांचा काळ्या पानांचा अल्बम काढ, मधला बटर पेपर हळूच उचल आणि फोटोतले चेहरे सोडून बाकीचं बघ. मांडवाला काय लावलंय, पताका कुठून कुठे गेल्यात, बायकांच्या हातात काय आहे, पंगतीत पाट आहेत की नुसत्या पट्ट्या. तुझी सजावट त्या फोटोंत आहे. चिकटलेले फोटो उपटू मात्र नकोस, कोपरा हमखास फाटतो. दिवसा खिडकीशी बसून, फ्लॅश बंद ठेवून, पानासकट मोबाइलवर फोटो काढ. लग्नात लावायच्या त्या प्रतीच. मूळ अल्बम मांडवात आणायचा नाही, कुणी कितीही गळ घातली तरी.

तुझ्या सासरचं घर पूर्व भागातलं, विणकरांचं. तिथे तर खजिना आहे. माळ्यावर त्यांच्या आजोबांचा धोटा, मागावर आडवा धागा नेणारा, नक्की असेल. हातात घेऊन बघ एकदा. दोन्ही टोकांना लोखंडी अणी, मध्ये सुताची कांडी बसायची खाच आणि लाकूड असं गुळगुळीत झालेलं की पॉलिशची गरज नाही. असे दोन-तीन धोटे, रंगीत सुताच्या कांड्या, एखादा चरखा एवढं स्वागताच्या टेबलावर मांडलंस तर येणारा प्रत्येक जण तिथे थांबेल, कारण निम्म्या पाहुण्यांनी लहानपणी कांड्या भरलेल्या असतील. बैठकीवर सोलापुरी चादरी अंथर. मोर, कमळ, जे जुनं डिझाइन मिळेल ते. नव्या घेतल्यास तरी चालेल, नंतर सगळ्या घरात वापरात येतात. टाइपरायटरचं भाडं वाया जातं.

आणि त्यांच्या विधींना सजावटीखाली झाकू नकोस. मुहूर्ताला ते जिरं-गुळाचा लगदा एकमेकांच्या डोक्यावर ठेवतात, आपल्याकडे अंतरपाट धरतात. दोन्ही होणार. मग वेळेचं गणित भटजींबरोबर आणि त्यांच्याकडच्या वडीलधाऱ्यांबरोबर एकत्र बसून कर. फोनवर एकाला एक सांगून नको.

आता हाताने करायच्या गोष्टी. तू अकरा लिहिल्या आहेस. मी तुला शाळेत चित्रकला शिकवली आहे, तुझा हात चांगला आहे आणि तुझं एकही चित्र वेळेवर पुरं झालेलं मला आठवत नाही. तेव्हा तीन निवड. माझ्या मते पताका, अंतरपाट आणि रुखवतातला एखादा जिन्नस. बाकीचं विकत आण, उसनं माग, नाहीतर सोडून दे.

पताकांचा हिशोब आधी करू. तुझा मांडव चाळीस फूट लांब. सहा इंची पताका कडेला कड लावून लावली तर एका दोरीला ऐंशी. बारा दोऱ्या म्हटल्या तर नऊशे साठ. कापून तयार असतील तर दोघं मिळून तासाला शंभरेक चिकटवतात, म्हणजे दहा तासांचं काम, शिवाय कापणं वेगळं. एका रविवारात होत नाही. दोन रविवार आणि चार माणसं धर. कागद पतंगाचाच घे, उन्हात त्यातून जो उजेड झिरपतो तो जिलेटिन पेपरला येत नाही. पण पतंगी कागद ओला झाला की रंग सोडतो. त्यामुळे दोऱ्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बांधायच्या आणि त्यांच्याखाली हळदीचा कार्यक्रम ठेवायचा नाही. पांढऱ्या सदऱ्यावर गुलाबी ठिपके घेऊन हिंडणारे मामा मी बघितलेत.

चिकटवायला फेविकॉल नको, खळ कर. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालव, मग पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. आधी ते दुधासारखं दिसतं, मग एकदम जड होतं आणि पारदर्शक व्हायला लागतं. तिथे उतरव. माझे वडील छापखान्यात खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचे, म्हणजे कीड लागत नाही. मोरचूद विषारी असतं, म्हणून ते पातेलं वेगळं, कधीच स्वयंपाकाला न लागणारं, आणि पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी. तुझ्या पताका दोन दिवसच टिकायच्या आहेत, तू मोरचूद टाकूच नकोस. सासऱ्यांना खळीचं सांगितलंस तर ते हसतील. मागावर चढवायच्या सुतालाही खळच लावतात, त्यांचं बालपण त्या वासात गेलंय.

अंतरपाट स्वतः कर. पांढरं सुती कापड, मध्ये कुंकवाचं स्वस्तिक, काठाला कशिदा. तुझ्या आजीच्या इरकलीवर आहे तसाच, गोपूर आणि पालखी. दोन माणसांनी हात न ताणता धरता आला पाहिजे आणि तुझ्या नवऱ्याची उंची लक्षात घे, नाहीतर तो वरून बघत उभा राहील. रोज अर्धा तास केलंस तर दोन महिने लागतील. आजीची साडी कापून अंतरपाट करायचा असं तुझ्या मनात दिसतंय. नको. नेसून घे ती. पण आत्ताच उघड, सावलीत पसरून घड्या बघ. जुनं रेशीम घडीवर उलतं. तसं झालं असेल तर नेसताना टरकन फाटेल, मग ती खांद्यावर शेल्यासारखी घे. जरीची तार काळवंडली असेल तर घरगुती उपाय करू नकोस. अत्तर साडीवर नाही, मनगटावर.

रुखवताचं म्हणशील तर, तू ज्याला 'डीआयवाय' म्हणतेस ते आपल्याकडे रुखवतच की. गव्हले, मालत्या, नखुले, बोटव्या. गव्हाच्या पिठाचा तो एवढासा गोळा दोन बोटांत वळून तांदळाएवढा दाणा करायचा, असे हजारो. पूर्वी गल्लीतल्या बायका दुपारी जमून करायच्या, गप्पा मारता मारता परात भरायची. तुझ्या दोन्हीकडच्या मावश्या-आत्यांना संक्रांतीनंतर एक दुपार बोलव. त्यांच्याकडच्यांना तेलुगू येतं, तुझ्याकडच्यांना कळत नाही, पण परात मध्ये असली की अडत नाही. लग्नाआधी ओळख व्हायला याहून स्वस्त कार्यक्रम मला माहीत नाही.

पत्रिकेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथे मी स्वतः तोंडावर पडले आहे. माझ्या भाचीच्या लग्नात मी हट्टाने पत्रिका जुन्या पद्धतीने छापून घेतली. अक्षरांचे खिळे जुळवून, पायाने चालवायच्या छपाई यंत्रावर, म्हणजे ट्रेडलवर, पिवळ्या कार्डावर लाल शाई. मजकूरही जुना, 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून सुरू. (त्यात 'यांचा शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे' असं असतं. तुझ्या मैत्रिणी फिदीफिदी हसतील. ठेवायचं की नाही ते तुझ्या सासूबाईंना विचारून ठरव.) प्रूफ मी तीनदा वाचलं. ऱ्हस्व-दीर्घ, काना-मात्रा, सगळं नीट. तीनशे पत्रिका छापून आल्या, त्यावर तारीख बुधवारची आणि वार गुरुवार. कॅलेंडर कुणी उघडलंच नव्हतं. दोन रात्री जागून 'बुधवार'च्या चिठ्ठ्या डकवल्या. तरीही काही पत्रिका तशाच गेल्या आणि बार्शीचे एक काका गुरुवारी आहेर घेऊन आले. उरलेली बुंदी होती म्हणून बरं. तेव्हा प्रूफ एकाने शुद्धलेखनाला वाचावं, एकाने नुसतं तारीख-वार-वेळ-पत्ता कॅलेंडर समोर ठेवून, आणि एकाने सगळी नावं मोठ्याने. ट्रेडल कुठे चालू सापडलं तर उत्तमच, नाहीतर हातकागदावर स्क्रीन प्रिंटिंग कर. कोपऱ्यांना हळद-कुंकू तूच लाव.

भांडी उसनी घे. पितळी तांबे, घंगाळी, समया, परात. आपल्या बायकांच्या भांड्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी नावं कोरलेली असतात बघ, कुणी, कुणाला, कोणत्या निमित्ताने दिलं आणि सन. ती बाजू पाहुण्यांकडे करून मांड. वहीत लिही, कोणाचं काय आलं, आणि परत जाईपर्यंत ती वही एकाच माणसाकडे. चिंच-मिठाने घासायचं ते दोनच दिवस आधी. त्याआधी घासलंस तर लग्नापर्यंत पुन्हा मळकट होतं. घासून झालं की लगेच कोरडं पुसायचं, पाण्याचे डाग राहिले की जात नाहीत.

पंगतीचा विचार चांगला आहे, पण त्यात भाबडेपणा नको. साडेतीनशे माणसं, एका वेळी नव्वद बसली तर चार पंगती. प्रत्येकीला पाऊण तास धर, म्हणजे तीन तास. शेवटची पंगत भुकेने तुझ्यावर खवळलेली असेल. पहिल्या दोन पंगती जमिनीवर, बाकीच्यांना बाकं आणि टेबलं, आणि गुडघेवाल्यांना सुरुवातीपासूनच खुर्ची. वाढपी पुरेसे आहेत का ते आचाऱ्याला आधी विचार. वाढपीच पंगतीचा जीव असतो. पळसाच्या पत्रावळी घेतल्यास आमटीला द्रोण वेगळा, नाहीतर ती थेट मांडीवर. जेवणात हुग्गी (गव्हाची खीर), शेंगापोळी, कडक भाकरी, शेंगा चटणी असू दे. पनीर नसलं तरी कुणी उठून जाणार नाही. चटणीच्या पुड्या पाहुण्यांना परत जाताना द्यायच्या म्हणतेस, तर त्या विकत घे. साडेतीनशे पुड्यांची चटणी घरी कुटायच्या भानगडीत पडू नकोस. हात सुजतो आणि खणाच्या पिशव्यांना तेल लागतं.

दिव्यांचं एका ओळीत सांगते. कापडी मांडवात पेटता कंदील नको, आत पिवळा बल्ब ठेव, लांबून कुणाला कळत नाही.

फोटोही तसंच. फोटोग्राफरला सगळं रंगीतच काढायला सांग, काळं-पांढरं नंतर करता येतं, उलटं येत नाही. तुझ्या भावाला रीळवाल्या कॅमेऱ्याची हौस आहे तर त्याला एक रीळ दे. छत्तीस फोटो त्याचे. त्यावर विसंबू नकोस, पण आले तर तेच सगळ्यात जपशील.

एक राहिलं. नवरदेवाला बाराबंदी घालायची तुझी कल्पना. दिसते देखणी, पांढरीशुभ्र, बंदांची, आणि आपल्या गावचे शिंपी ती शिवतातही. पण बाराबंदी गड्ड्यातला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतला पोशाख आहे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं, सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, संमती कट्ट्यापाशी येतात आणि 'दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम' म्हणत हजारो हात अक्षता उधळतात, तेव्हा अंगावर ती असते. ज्यांच्या घरी नंदीध्वजाचा मान आहे अशा एखाद्या वडीलधाऱ्याला आधी विचार. ते हो म्हणाले तर खुशाल घाल. मला विचारशील तर, थीम म्हणून नको वाटतं. धोतर, सदरा आणि सासऱ्यांच्या मागावरचा एखादा पंचा पुरे. त्याऐवजी जानेवारीत दोघं जाऊन तो अक्षता सोहळा बघून या. सजावटीला एक पैसा न लावता लग्न किती भरून येतं ते तिथे कळतं.

आईला सांग, हॉलवाल्याला पाण्याच्या टँकरचं आत्ताच विचारायला. पंगत म्हटली की तांबे-भांडी धुवायला पाणी लागतंच आणि आपल्याकडे नळाच्या भरवशावर लग्न होत नाही.

पुढच्या रविवारी ये. अल्बमचे फोटो, मांडवाची मापं आणि कात्री आण. पातेलं आणू नकोस, माझ्याकडे जळकं आहे.

तुझी,
बाई